ग्रामसभेचं आवतण चूलबंद द्या

सरपंच वहिनी, उपसरपंच, सर्व सदस्य आणि भाऊसाहेब यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्र वहिनींच्या नावानं लिहिते आहे, त्यांच्या यजमानांच्या, म्हणजे दादांच्या नाही. दादांनी राग मानू नये. पंचायतीत गेलं की खुर्चीवर दादा असतात, चहा तेच सांगतात, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण आम्ही बटण दाबलं ते वहिनींच्या नावापुढचं. तेव्हा आधी वहिनींनी वाचावं आणि मग हवं तर दादांना द्यावं. भाऊसाहेब, तुमचा हुद्दा आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झाला आहे, तरी आमच्या तोंडी भाऊसाहेबच बसलंय. चालवून घ्या.

मी कोण ते तुम्हाला सांगायला नको. वेशीजवळची पिठाची गिरणी आमची. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई चालवत होत्या, आता मी चालवते. एकतीस वर्षं झाली. ज्या घराचा डबा माझ्या हाताखालून गेला नाही असं घर गावात नाही. थ्री फेज लाईट आली की गिरणी चालू होते आणि ती येईपर्यंत बायका ओट्यावर बसून राहतात. कुठल्या गल्लीत व्हॉल्व्ह गळतो, कुणाचं घरकुल कुठल्या हप्त्यावर अडलंय, शाळेत तांदूळ संपलाय की आलाय, हे सगळं त्या ओट्यावर निघतं. खरं सांगायचं तर गावची ग्रामसभा तिथंच भरते, आणि तिचा कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, रोज पूर्ण असतो.

तुमच्या सभेचा होत नाही. त्यावरच बोलायचं आहे.

गेल्या पंधरा ऑगस्टची सभा आठवा. सकाळी झेंडा झाला, पोरांना खाऊ वाटला आणि अकराची सभा बारा वाजता समाजमंदिरात सुरू झाली. सणाच्या दिवशी बारा वाजता कुठल्या घरातली बाई मोकळी असते? तरी आम्ही नऊजणी होतो. त्यातल्या पाचजणी आशाताई, अंगणवाडीच्या बाई, बचत गटाच्या ताई, म्हणजे ज्यांना यावंच लागतं. पुरुषांना खुर्च्या होत्या आणि आम्हाला दाराजवळ, चपलांच्या शेजारी सतरंजी. पाण्याचा विषय निघाला म्हणून मी उठले. आमच्या गल्लीत पाणी पहाटे साडेतीनला सुटतं आणि पावणेपाचला जातं. डोळा लागला तर दिवसभर हापशावर. वेळ थोडी पुढं ढकलता येईल का, एवढंच विचारायचं होतं. अर्धं वाक्य झालं आणि पुढच्या रांगेतून आवाज आला, "वहिनी, तुमच्या घरातनं अण्णा आल्यात की. घरटी एकानं बोला, न्हाईतर जेवायला संध्याकाळ हुईल."

लोक हसले. मीही हसले आणि खाली बसले. मी का हसले याचा राग अजून गेलेला नाही.

आमचे अण्णा, म्हणजे माझे मालक, तिसऱ्या खुर्चीवर बसले होते. ते काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाले, "मला काय ठावं पाणी कवा सुटतं? उठतीस तू." यात मी त्यांना दोष देत नाही. एकतीस वर्षांत ते एकदाही साडेतीनला पाण्याला उठलेले नाहीत, तर त्यांनी सांगायचं तरी काय? पण त्या दिवशी आमच्या घराचं पाण्यावरचं मत म्हणून जे धरलं गेलं, ते घरातल्या अशा माणसाचं होतं ज्याला पाण्याची वेळच माहीत नाही. गावात अशी किती घरं असतील, ते तुम्हीच बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई रजिस्टर घेऊन गिरणीवर आला. "वहिनी, शंभर भरंनात. तुमची काल झाली, आता सूनबाईंची बी करा." सून तेव्हा माहेरी होती. मी पिठाचे हात पदराला पुसले आणि तिची सही केली. दरवर्षी करते. ओट्यावर बसलेल्या दोघींनी आपापल्या सासूंचे अंगठे स्वतःच उठवले. हे आधी कबूल करते, कारण ते लपवून पुढचं लिहिलं तर तुम्ही म्हणाल, ही बाई आम्हाला काय शिकवते. रजिस्टर खोटं भरायला तुम्ही पाठवता, खोट्या सह्या आम्ही करतो. हिशेब बरोबरीचा आहे.

माझी लेक सांगलीला एमपीएससीचा अभ्यास करते. पंचायत राज तिला तोंडपाठ आहे. ७३ वी घटनादुरुस्ती, २४ एप्रिल १९९३ पासून लागू, कलम २४३ क, झोपेत विचारा. ग्रामसभा मात्र तिनं जन्मात पाहिलेली नाही. तिला फोन लावून विचारलं, हे 'घरटी एक' कुठल्या कायद्यात आहे गं? ती म्हणाली, आई, कुठल्याच नाही. गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य. सून, सासू, अठरा पूर्ण झालेलं पोरगं, सगळे. कायद्यात कुटुंबप्रमुख म्हणून कुणी वेगळा बसवलेला नाही. वर्षात किमान चार सभा घ्यायच्या. सरपंचानं योग्य कारण नसताना त्या टाळल्या तर पदावर गदा येते. कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. आपल्याकडं मतदार दोन हजारांच्या वर आहेत, म्हणजे शंभर माणसं पुरतात. आणि तीही जमत नाहीत!

पुढचं ऐकून तर मी गिरणीचा पट्टाच बंद केला. कोरमअभावी सभा तहकूब झाली, तर पुढं तीच सभा घेताना कोरमची गरज राहत नाही. म्हणजे आम्ही आलो नाही तर तुमचं काही अडत नाही, उलट काम सोपं होतं. चार टाळकी, दोन ठराव, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. आमच्या न येण्याची तुम्हाला सवय झाली आहे की सोय झाली आहे, हे वहिनी, तुम्ही एकदा मनाशी ठरवा.

आता हे 'घरटी एक' आलं कुठून ते मला माहीत आहे. लग्नाच्या आवतणातून आलं. आपल्याकडं आवतण दोन तऱ्हेचं. लांबच्या भावकीला, ओळखीपाळखीला घरटी एक. आणि जवळच्यांना चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही, म्हातारीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांनी मांडवात यायचं. घरटी एकवाला येतो, आहेर करतो, जेवतो आणि जातो. चूलबंदवाले पंगतीला वाढतात, भांडी मोजून परत करतात, नवरीला गाडीत बसवून मग घरी जातात. ग्रामपंचायतीनं आजवर आम्हाला घरटी एकचंच आवतण दिलं. माझं मागणं एवढंच आहे की यापुढं चूलबंद द्या.

त्यानं काय फरक पडेल ते बाकड्यांवरून सांगते. दोन वर्षांमागं गावात ठिकठिकाणी सिमेंटची बाकडी बसली. देवळापुढं, पारावर, स्टँडवर, तालमीपुढं. पाठीवर निधीचं नाव रंगवलेलं. वाईट काही नाही, म्हातारी माणसं बसतात. पण त्याच वर्षी शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला पाण्याचं कनेक्शन नव्हतं. बांधकाम झालेलं, फरशी बसवलेली, नळाच्या जागी भिंतीतून नुसता पाईप बाहेर आलेला. सातवीतल्या पोरी दुपारच्या सुट्टीत घरी यायच्या आणि काही दिवस परत जायच्याच नाहीत. कुठले दिवस ते वहिनींना कळेल. ही गोष्ट ओट्यावर वर्षभर बोलली जात होती. समाजमंदिरातल्या खुर्च्यांवर ती कुणाला माहीत नव्हती आणि ज्यांना माहीत होती त्या सतरंजीवर गप्प होत्या. बाकड्यांचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. शेवटी मुख्याध्यापकांनी वर्गणी काढून नळ बसवला. वर्गणीत माझे दोनशे होते, म्हणून मला तारीखवार आठवतं.

बाकड्यांना पैसा होता, मग नळाला का नसावा? लेकीनं मला समजावलं ते असं. वित्त आयोगाचा पैसा २०१५ पासून थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात मोठ्या प्रमाणात येऊ लागला. 'आमचा गाव, आमचा विकास' हा उपक्रम तेव्हाच सुरू झाला आणि हा पैसा कशावर खर्चायचा त्याचा आराखडा गावानं करायचा असं ठरलं. पंधराव्या वित्त आयोगात तर ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिली होती. शिवाय पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्चायचे असतात. आपल्या पंचायतीनं हे १० टक्के गेल्या वर्षी कशावर घातले, मी विचारलं होतं. शिलाई मशीनचं प्रशिक्षण, असं उत्तर मिळालं. कुणी शिकलं असेल तर तिनं मला भेटावं. माझ्या गोण्यांना टाके घालायचे आहेत.

हे टोचून लिहिलं, मान्य आहे. पण पुढचं नीट मनापासून लिहिते.

दुसऱ्या गावांत हे कसं चालतं ते मी ऐकत, वाचत असते. गडचिरोलीच्या मेंढा लेखाचं नाव सगळे घेतात. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. तिथं बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं ठरतं. बायका-पुरुष दोघं बसतात, एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुन्हा घेतात. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो अशा गावाला. मला त्यांची सहमती आपल्याकडं झेपेल असं वाटत नाही. आपल्या भावकीत बांधावरून तीन पिढ्या सहमती झालेली नाही. पण त्यांचा अभ्यासगट मला आवडतो. एखादा विषय सभेत येण्याआधी ज्यांना इच्छा आहे ते बसून समजून घेतात. ते आपल्यालाही जमेल. हिवरे बाजारात पाऊस संपला की पाण्याचा ताळेबंद गावापुढं मांडतात आणि औंदा कुठलं पीक घ्यायचं, कुठलं नाही, ते त्यावर ठरतं. म्हणजे सभेत जे बोललं जातं त्याचा संबंध रब्बीच्या पेरणीशी असतो, मग माणसं का येणार नाहीत?

आणि लांब कशाला, आपल्या शेजारच्या जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. मे २०२२ मध्ये त्या गावानं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. पुढं सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ही बातमी मी गिरणीवर मोठ्यानं वाचली तेव्हा ओट्यावर चौघी होत्या. त्यातल्या दोघींच्या हातात बांगड्या नव्हत्या. कुणी काही बोललं नाही. दळण झाल्यावर एक जण डबा उचलता उचलता म्हणाली, "असलंबी ठरवता येतं व्हय पंचायतीत?" तिला वाटत होतं पंचायत म्हणजे गटार, रस्ता आणि दाखला. बायका सभेला येत नाहीत त्याचं मोठं कारण मला त्या दिवशी कळलं. दारूबंदीच्या वेळी उभी बाटली, आडवी बाटली असं मतदान झालं की गावोगाव बायका उन्हात रांगा लावतात, कारण तिथं त्यांच्या मतानं दुकान बंद होतं हे त्यांना दिसतं. एरवी आमच्या येण्यानं काय बंद होतं आणि काय चालू होतं?

मुलांचंही तसंच. माझं माहेर निपाणीकडचं. कर्नाटकात मुलांची वेगळी ग्रामसभा भरते, तिला मक्कळ ग्रामसभा म्हणतात. भाचा सांगत होता, सहावीच्या एका पोरानं पंचायतीच्या माणसांना उभं राहून विचारलं की शाळेपुढची गाडी रोज आडवी कोण लावतं. ती गाडी तिथल्याच एका सदस्याची निघाली! आपल्याकडंही आराखडा करताना बालसभा घ्या, महिला सभा घ्या, असं वरून सांगितलेलं आहे. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची हे तर कायद्यातच आहे. आपली महिला सभा मी पाहिली आहे. पंचायतीच्या पायऱ्यांवर अकराजणी उभ्या केल्या, फ्लेक्स धरला, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा फ्लेक्स सरळ करण्यात.

तुमच्या बाजूनंही मला दिसतं. वहिनी, तुम्हाला भीती आहे की गर्दी जमवली की भांडणं होतात. होतात. पाच-सहा वर्षांमागं पाणंद रस्त्यावरून खुर्च्या उडाल्या होत्या, आमचे अण्णा डोक्याला रुमाल बांधून घरी आले होते. लोक गाव म्हणून येत नाहीत, घरकुलाच्या यादीत नाव आहे का ते बघायला येतात आणि नाव ऐकलं की उठून जातात, हेही खरं. घरपट्टी तीन-तीन वर्षं थकलेला माणूस सगळ्यात मोठ्यानं बोलतो, हे तर मी स्वतः बघते. पण मला वाटतं वर्षभर तुंबलेलं बोलणं एका दुपारी बाहेर आलं की ते असंच येणार. गिरणीत दोन दिवसांचं दळण एका तासात ओतलं तर पट्टा तुटतो. म्हणून लाईट येईल तसं थोडं थोडं दळावं लागतं.

म्हणून आधी वेळ बदला. दुपारची सभा नको. डेअरीला दूध घालून, भाकऱ्या थापून झाल्यावर, रात्री आठला घ्या. समाजमंदिरात दिवे आहेत. वस्तीवरच्या लोकांना रात्री तीन किलोमीटर यायला जमणार नाही, तर वस्तीवर वेगळी बैठक घ्या, तुम्ही जा तिकडं. ऊसतोडीला गेलेली घरं परत आली की मग आराखड्याची सभा ठेवा. ती घरं गावाबाहेर असताना त्यांच्यासाठी काय करायचं ते ठरवायचं, हे मला कधी पटलं नाही. सतरंजी घाला, पण सगळ्यांना घाला. खुर्च्या म्हाताऱ्यांना आणि गुडघेवाल्यांना द्या, मग बाई असो की बापई.

महिला सभा गिरणीच्या ओट्यावर घ्या. थट्टा करत नाही. बुधवारी बाजार असतो, त्या दिवशी गिरणी बंद असते. वहिनी एकट्या या. भाऊसाहेबांनी वही घेऊन यावं आणि नुसतं लिहून घ्यावं. तिथं जे ठरेल ते ग्रामसभेत पहिला विषय म्हणून वाचा. आणि इतिवृत्त वाचा हो! दर सभेचा पहिला विषय असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आजवर ते 'वाचले असे समजावे' म्हणून पुढं जातं. मागच्या वेळी काय ठरलं आणि त्यातलं काय झालं, हे दहा मिनिटं वाचलं तरी माणसं पुढच्या वेळी येतील, निदान भांडायला तरी येतील, आणि भांडणही मग मुद्द्याचं होईल.

नोटीस सात दिवस आधी लागते ती तुम्ही पंचायतीच्या बोर्डावर चिकटवता. तो बोर्ड काचेच्या आत आहे आणि काचेवर निवडणुकीचा स्टिकर आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकता, पण त्या ग्रुपमध्ये किती बायकांचे नंबर आहेत ते एकदा मोजा. मी मोजले, चौदा. दवंडी पुन्हा सुरू करा. लाऊडस्पीकर मंदिरावर आहे, हरिपाठ झाला की दोन मिनिटं विषय वाचले तर देव रागावणार नाही.

आम्ही काय करणार तेही सांगते, नाहीतर हे सगळं मागणंच होईल. यापुढं माझ्या घरातून कुणाच्या नावची सही दुसरा कुणी करणार नाही. शिपायानं रजिस्टर आणलं तर चहा मिळेल, सही मिळणार नाही. ओट्यावरच्या सात-आठजणींनीही तसं ठरवलंय, नावं सभेत सांगीन. त्यांच्यातल्या तिघींची घरपट्टी थकली होती, त्यांनी बचत गटातून उचलून मागच्या आठवड्यात भरली आणि पावत्या जपून ठेवल्यात, कुणी तोंड बंद करायला आलं तर दाखवायला. अण्णांना मी सांगितलंय की सभेला आपण दोघं जायचं, सून आणि लेक सुट्टीवर असतील तर त्याही. पाण्याच्या वेळेवर मी बोलणार, पाणंद रस्त्यावर ते. ते म्हणाले, "आन् चूल?" मी म्हटलं, बंद.

एक राहिलं. यंदाच्या आराखड्यात कुठल्या खात्यात किती रक्कम आली, कशावर खर्च धरलाय, ते गावाला दिसेल असं कुठं तरी लिहावं अशी मागणी गेल्या सभेत कुणीतरी केली होती. तुम्ही म्हणाला होता, जागा नाही. गिरणीची रस्त्याकडची भिंत मी परवा चुना मारून पांढरी करून घेतली आहे. दहा बाय आठ आहे. रंगाचा डबा आणि ब्रश आमच्याकडचा. भाऊसाहेबांनी फक्त आकडे लिहून पाठवावेत, ते भिंतीवर उतरवायला सातवीतल्या पोरी तयार आहेत. पाऊस सुरू होण्याआधी पाठवा, ओल्या भिंतीवर रंग धरत नाही.

कळावे,

गिरणीवाली वहिनी
वॉर्ड क्रमांक ३